बोलीसंग्रहाची कोष्टके आणि 'फॉरेन की'

भिवंडीच्या धामणकर नाक्यावर बोलीचे नमुने गोळा करणाऱ्या विद्यार्थ्याची वही बहुधा एकाच लांबलचक कोष्टकाची असते. निवेदकाचे वय, गाव, तालुका, जिल्हा, शब्द, उच्चार हे सारे एका ओळीत. संगणकावर उतरवितानाही ते कोष्टक जसेच्या तसे नेण्याचा मोह होतो. मग त्यात 'धामणकर नाका', 'धामणकरनाका' व 'धामनकर नाका' ही तीन रूपे शेजारी शेजारी नांदू लागतात. वाचकास ते एकच स्थळ. यंत्रास मात्र ती तीन निरनिराळी स्थळे होत. बोलीचा नकाशा काढावयास बसावे, तो एका नाक्याचे तीन नाके झालेले!

आय.बी.एम.मधील संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलेल्या संबंधात्मक प्रतिमानात यावरील उपाय सापडतो. स्थळाची नोंद एकाच कोष्टकात, एकदाच करावी. इतर कोष्टकांनी तिचा केवळ निर्देश करावा. स्थळांच्या कोष्टकातील क्रमांक ही त्याची 'प्रायमरी की'. तोच क्रमांक नमुन्यांच्या कोष्टकात आला म्हणजे तेथे तो 'फॉरेन की' ठरतो. ('परकी किल्ली' हे भाषांतर आम्हांस रुचत नाही; ही किल्ली कुलूप उघडीत नाही, पत्ता सांगते.) शब्दकोशात अर्थ न देता 'अमुक शब्द पाहा' असे लिहितात, तसाच हा निर्देश होय. कोशात मात्र तो 'अमुक' कधी कधी मिळतच नाही. डेटाबेसला बंधन घातले असता नसलेल्या स्थळाचा निर्देश तो स्वीकारीतच नाही.

नावालाच निर्देशक का करू नये, असे कोणी विचारील. ठाणे–भिवंडी–कल्याण मेट्रोच्या आराखड्यातील एका स्थानकाचेही नाव धामणकर नाका हेच आहे. नाव एक, वस्तू दोन. म्हणून निरर्थक क्रमांकच बरा.

येथे भाषाभ्यासकाने सावध राहावयास हवे. उत्तर कोकणातील आगरी बोलीत 'ण'च्या जागी 'न' येतो. 'पाणी'चे 'पानी' होते. तेव्हा 'धामनकर' हा लेखनप्रमाद असेल, किंवा निवेदकाचा खरा उच्चारही असेल. कोष्टक स्वच्छ करण्याच्या भरात ते रूप पुसले, तर ज्यासाठी संग्रह केला तो पुरावाच नष्ट होतो. म्हणून नामरूपांचे वेगळे कोष्टक करून प्रत्येक रूपास स्थळक्रमांक जोडावा आणि नमुन्याच्या नोंदीने त्या रूपाचाही निर्देश करावा.

दुसरा घोटाळा 'गाव' या रकान्याचा. यंत्रमागांच्या या शहरात उत्तर प्रदेशातून व तेलंगणातून आलेले कामगार पुष्कळ. नमुना नाक्यावर मिळाला. निवेदक जन्मला दूर कोठे तरी. नमुन्याचे स्थळ आणि निवेदकाचे जन्मस्थळ या दोन स्वतंत्र फॉरेन की होत, जरी दोन्ही एकाच स्थळकोष्टकाकडे बोट दाखवीत असल्या तरी.

जिल्ह्याचे उदाहरण तर डोळ्यांसमोरचे आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. भिवंडी ठाण्यात राहिली, शेजारचा वाडा तालुका पालघरमध्ये गेला. जिल्हा प्रत्येक ओळीत लिहिला असेल तर वाड्याच्या साऱ्या ओळी दुरुस्त कराव्या लागतात, आणि काही राहून जातातच. स्थळ तालुक्याकडे व तालुका जिल्ह्याकडे निर्देश करीत असेल, तर वाडा, जव्हार, वसई इत्यादी आठ तालुक्यांच्या आठ नोंदी बदलून काम भागते. मात्र जुना जिल्हा पुसू नये. तालुका व जिल्हा यांचा संबंध कालमर्यादेसह ठेवावा. ग्रियर्सन यांच्या सर्वेक्षणाच्या १९०५ मधील मराठीविषयक खंडातील 'ठाणे' साष्टीसह होते, हे विसरून चालत नाही.

प्रत्यक्ष पुनर्रचना करताना प्रथम मूळ संग्रहाची प्रत राखून ठेवावी. स्थळकोष्टक सिद्ध झाल्यावर नमुन्यांच्या कोष्टकात क्रमांकाचा रकाना रिकामाच जोडावा आणि नामरूपांच्या आधारे भरावा. जे रिकामे राहतील ते अनाथ नमुने; त्यांचा निर्णय यंत्राने नव्हे, वही पाहून माणसाने करावयाचा. तो झाल्यावरच बंधन घालावे. स्थळ पुसताच त्याचे नमुनेही आपोआप पुसले जावेत, अशी एक सोय बंधनात असते. ती आपल्या कामास घातक होय.

एस.क्यू.लाइटमध्ये हे बंधन मुळात निद्रिस्त असते. प्रत्येक जोडणीच्या वेळी ते चालू करावे लागते. म्हणून अस्तित्वात नसलेला एखादा स्थळक्रमांक मुद्दाम घालून पाहावा. ती नोंद निमूटपणे स्वीकारली गेली, तर बंधन अद्याप जागे झालेले नाही असे समजावे.