सैनिकांची घरे आणि लोकप्रतिनिधींचा अधिकार

कोपरीचा मतदार दोन सभागृहांसाठी मत देतो: कोपरी–पाचपाखाडीतून विधानसभेसाठी आणि ठाणे मतदारसंघातून लोकसभेसाठी. ठाण्यातच कोलशेत येथे हवाई दलाचा तळ असल्यामुळे, आमदाराने पाठपुरावा केला की तेथील निवासस्थानांची कामे मार्गी लागतील, असा समज सहज होतो. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीने मात्र तसा वाव ठेवलेला नाही. नौदल, भूदल आणि हवाई दल यांची बांधकामे ही संघसूचीतील, म्हणजे केवळ संसदेच्या कक्षेतील विषयांच्या यादीतील, चौथी नोंद आहे. उलट पोलीस हा राज्यसूचीतील विषय असल्याने कोपरी पोलीस ठाण्यातील शिपायाच्या सरकारी घरासाठीचा पैसा विधानसभेच्या मंजुरीने येतो, आणि अशा घरांच्या उभारणीसाठी 1974 पासून राज्याचे स्वतंत्र पोलीस गृहनिर्माण महामंडळ आहे.

मग खासदाराने आपल्या निधीतून जवानांची इमारत बांधून द्यावी, ही अपेक्षाही टिकत नाही. खासदार स्थानिक क्षेत्र विकास योजनेत दरवर्षी 5 कोटी रुपयांची कामे सुचवता येतात. पण योजनेच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांनी सरकारी मालकीच्या कार्यालयीन व निवासी इमारती निषिद्ध कामांत टाकल्या होत्या.

सर्वांत खोल रुजलेला गैरसमज असा की संसद एकेका छावणीतील एकेका इमारतीला मंजुरी देते. अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये लष्करी बांधकामांची तरतूद स्वतंत्र विनियोजन विधेयकात होते आणि प्रकल्पांना तळाच्या नावानिशी मान्यता मिळते. भारतात लोकसभेपुढे येतात त्या अनुदानाच्या मागण्या, म्हणजे एकेका मोठ्या शीर्षाखाली मागितलेल्या एकत्रित रकमा. सैनिकांच्या नव्या घरांचा पैसा संरक्षण सेवांच्या भांडवली खर्चाच्या मागणीत असतो, आणि विमाने, जहाजे, तोफाही त्याच मागणीतून घेतल्या जातात. 2025-26 च्या अर्थसंकल्पात संरक्षणासाठी सुमारे 6.81 लाख कोटी रुपये होते, त्यांपैकी ही भांडवली तरतूद 1.80 लाख कोटींची आणि निवृत्तिवेतनाची सुमारे 1.60 लाख कोटींची होती. घराला एकाच पिशवीत शस्त्राशी स्पर्धा करावी लागते, हे या रचनेचे खरे दुखणे आहे. कोणत्या ठिकाणी किती घरे बांधायची हे संरक्षण मंत्रालय आणि सैन्यदले ठरवतात आणि बांधकाम प्रामुख्याने मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेस पाहते; 2002 पासून टप्प्याटप्प्याने सुमारे 2 लाख घरे बांधण्यासाठी आखलेल्या विवाहित निवास प्रकल्पाचे महासंचालनालयही याच यंत्रणेचा भाग आहे.

रक्कम अपुरी वाटली तर खासदार ती वाढवू शकतील, असेही मानले जाते. अनुच्छेद 113 प्रमाणे लोकसभा मागणी मान्य करू शकते, नाकारू शकते किंवा कमी करू शकते. वाढवू शकत नाही. म्हणूनच 100 रुपयांच्या कपातीची प्रतीकात्मक सूचना हे तक्रार नोंदवण्याचे साधन बनले आहे. राज्यसभेला तर या मागण्यांवर मतदानाचाच अधिकार नाही. वेळ संपल्यावर उरलेल्या मागण्या चर्चेविना एकत्र मताला टाकण्याची जी रीत गिलोटिन म्हणून ओळखली जाते, तिच्यात संरक्षणाच्या मागण्याही अनेकदा सापडल्या आहेत, आणि ही बाब चिंतेची आहे.

तरीही खासदार हतबल ठरत नाहीत. संरक्षणविषयक स्थायी समितीत लोकसभेचे 21 आणि राज्यसभेचे 10 सदस्य असतात. ती मागण्यांची तपासणी करताना निवासस्थानांच्या तुटवड्याबद्दल मंत्रालयाला लेखी उत्तर द्यायला लावू शकते. खर्च झाल्यावर नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे अहवाल लोकलेखा समितीकडे जातात. 31 मार्चपर्यंत न खर्चलेली रक्कम व्यपगत होते, त्यामुळे वर्षात किती तरतूद झाली यापेक्षा किती घरे ताब्यात मिळाली, हा प्रश्न अधिक नेमका ठरतो.

आर्मी वेल्फेअर हाऊसिंग ऑर्गनायझेशनच्या वसाहती सरकार बांधून देते, हाही समज चुकीचा आहे. 1978 साली स्थापन झालेली ही संस्था स्ववित्तपुरवठ्यावर चालते; घर घेणारा सैनिक त्याची किंमत स्वतः देतो.

तेव्हा पोलीस वसाहतीची दुरुस्ती रखडली असेल, तर कोपरीच्या नागरिकाने आमदाराला लिहावे. कोलशेतच्या जवानांच्या घरांविषयी विचारायचे असेल, तर ठाण्याच्या खासदाराला लोकसभेत तारांकित प्रश्न मांडण्याची विनंती करावी.