शाळा व्यवस्थापन समितीची उमेदवारी : वेसाव्याच्या पालकांनी काय ध्यानी धरावे

शाळेच्या कारभाराशी शेतकऱ्याचा अगर कोळ्याचा काय संबंध, असा प्रश्न पुष्कळदा विचारला जातो. त्याचे उत्तर जुन्या हिशेबाच्या वह्यांत सापडते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंडाची पट्टी घेतली जाई व तिचा एक तृतीयांश भाग शिक्षणाकडे जाई. पैसा रयतेचा होता, पण शाळेत तिचा शब्द चालत नसे. रयतेच्या श्रमाचा पैसा वरच्या वर्गाच्या शिक्षणावर खर्च होतो व खेड्यातील मूल अक्षरशत्रू राहते, हे गाऱ्हाणे महात्मा जोतीराव फुले यांनी 1882 साली हंटर कमिशनपुढे मांडले. पुढे 1923 च्या कायद्याने प्राथमिक शाळांचा कारभार स्थानिक संस्थांच्या स्कूल बोर्डांकडे आला. तथापि बोर्डाचे सभासद निवडीत ते त्या संस्थांचे सभासद, मुलांचे आईबाप नव्हेत. पालकांस पालक म्हणून हक्काची जागा मिळावयास 2009 साल उजाडावे लागले.

त्या वर्षी बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा संमत झाला व तो 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला. सरकारी, स्थानिक संस्थांच्या व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असलीच पाहिजे, असे त्याचे कलम 21 सांगते. अनुदानित खासगी शाळांत ती केवळ सल्लागार असते व विनाअनुदानित शाळांस हे कलम लागू नाही. समितीत किमान तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत व निम्म्या जागी स्त्रिया असाव्यात, असा दंडक आहे. दुर्बल व वंचित वर्गांतील पालकांस त्यांच्या प्रमाणात जागा द्यावयाच्या असतात. महाराष्ट्रात समितीचे सभासद 12 ते 16 ठरविले गेले. म्हणजे 16 जणांच्या समितीत निदान 12 पालक व निदान 8 स्त्रिया असावयास पाहिजेत. मुख्याध्यापक हे सदस्य-सचिव असतात. अध्यक्ष मात्र पालकांतूनच निवडावयाचा असतो.

आता वेसाव्याकडे वळू. 1950 साली अंधेरीपर्यंतची उपनगरे मुंबई महानगरपालिकेत आली, तेव्हापासून येथील प्राथमिक शिक्षणाची जबाबदारी पालिकेवर आहे. पालिकेच्या शिक्षण समितीवर मुख्यतः नगरसेवक असतात. 2017 साली निवडून आलेल्या सभागृहाची मुदत मार्च 2022 मध्ये संपली व त्यानंतर दीर्घकाळ प्रशासकाने कारभार पाहिला. पण शाळेच्या समितीस सभागृहाच्या मुदतीचे बंधन नाही. वरचे सभागृह रिकामे असले तरी ज्या ठिकाणी पालकाचा शब्द कायद्याने टिकून राहतो, असे हे ठिकाण आहे.

ह्या उमेदवारीस अनामत रक्कम लागत नाही. आपले मूल त्या शाळेच्या पटावर असावे, एवढे पुरे. निवड पालकसभेत होते. सभेस जो हजर, त्याचेच मत; म्हणून सभेचा दिवस व वेळ ह्यांस सर्वांत अधिक महत्त्व आहे. कोळीवाड्यात ही अडचण विशेष जाणवते. पुरुष माणसे बोटीवर कित्येक दिवस बाहेर असतात व पहाटे मासळी उचललेली बाई दुपार टळेपर्यंत बाजारातून परतत नाही. अकराच्या सुमारास सभा बोलाविली तर ह्या दोघांवाचून निवड उरकली जाईल, आणि ती बेकायदा आहे असेही कोणास म्हणता येणार नाही. ह्याला उपाय आहे. जून व जुलै ह्या दोन महिन्यांत यांत्रिक नौकांस मासेमारीची बंदी असते, बोटी किनाऱ्यास लागलेल्या असतात, आणि शाळाही त्याच सुमारास उघडते. नवी समिती निवडावयाची असेल त्या वर्षी सभा ह्या काळात व सायंकाळी भरवावी, असा लेखी अर्ज काही पालकांनी मिळून मुख्याध्यापकांस आगाऊ द्यावा. शेतीच्या गावांनीही पेरणी व सुगी टाळून सभेचा दिवस मागून घ्यावा.

उभे राहण्यापूर्वी उमेदवाराने चार गोष्टी स्वतः पाहाव्या. पहिली, शिक्षकांची संख्या. पाचवीपर्यंतच्या शाळेत 60 मुलांपर्यंत दोन व 90 पर्यंत तीन शिक्षक असावेत. सहावी ते आठवीत दर 35 मुलांमागे एक. दुसरी, इमारत : पिण्याचे शुद्ध पाणी, मुलांसाठी व मुलींसाठी निरनिराळी शौचालये आणि आवाराची भिंत. तिसरी, शिकविण्याचे दिवस : पाचवीपर्यंत वर्षाचे 200, पुढे आठवीपर्यंत 220. चौथी, शिक्षकांवर कोणती बाहेरची कामे लादली जातात. जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका ह्यांवाचून अन्य काम कायद्यास मान्य नाही. ज्याने हे पाहिले, त्यास सभेत लांब भाषण करण्याची गरज पडत नाही. 'मुलींच्या शौचालयास दार नाही, ते मी बसवून घेईन' हे एक वाक्य पुरते.

निवडून आल्यावर दोन कामे मुख्य. शाळेस मिळालेल्या अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणे हे पहिले, व शाळा विकास आराखडा तयार करणे हे दुसरे. आराखड्यात न आलेल्या गोष्टीची मागणी तोंडीच राहते. सभा दरमहा व्हावयाची असते. तीत झालेला ठराव इतिवृत्ताच्या वहीत लिहिला गेला काय, हे वाचून मगच सही करावी. ज्यास वाचता येत नाही त्याने वही मोठ्याने वाचून घ्यावी. त्यात कमीपणा काहीच नाही. कोऱ्या कागदावर अगर न वाचलेल्या हिशेबावर सही मात्र कदापि करू नये.

स्त्रियांविषयी एक गोष्ट निराळी सांगितली पाहिजे. निम्म्या जागा त्यांच्या आहेत, म्हणून नाव बायकोचे व बोलणे नवऱ्याचे, असा प्रकार होऊ देऊ नये. लिलावात टोपलीचा भाव ठरविणाऱ्या व रोजचा हिशेब तोंडपाठ ठेवणाऱ्या बाईस शाळेचा जमाखर्च समजावयास अडचण कसली? तिला सभेची वेळ तेवढी सोयीची मिळाली पाहिजे.

ही जागा लहान आहे. तीत मानधन नाही व मिरवणूकही नाही. परंतु पट घसरला व शाळा ओस पडू लागली, म्हणजे हळहळण्यापलीकडे काही हाती राहत नाही. तशी वेळ येण्यापूर्वीच पालकसभेच्या सूचनेवर नजर ठेवावी आणि त्या दिवशी हात वर करून आपले नाव सांगावे.