जुन्या मुळातून नवा साग

वारंगा फाट्याहून हदगाव-उमरखेडच्या दिशेने गेल्यास पैनगंगेच्या खोऱ्यातील रानात साग आपोआप वाढलेला आढळतो. तो या मुलखाचा मूळचाच वृक्ष होय. तरीही सागाचा विषय निघाला की शेतकरी बंधू प्रथम रोपांची चौकशी करतात. आपल्या माळावर साग अगोदरच जिवंत आहे काय, हे क्वचितच पाहिले जाते.

सागाचे बी कठीण कवचाचे असते व एका पावसात त्यातील थोडेच उगवते. केरळातील निलांबूर येथे १८४० नंतर सागाची लागवड सुरू झाली, तेव्हा तेथेही पहिली अडचण उगवणीचीच आली होती. उगवलेले रोप गुरांच्या पायी तुडविले जाते, उन्हाळी वणव्यात जळते. परंतु जळतो तो शेंडा. मूळ जमिनीत टिकून दरवर्षी नवा कोंब सोडते आणि जाड होत जाते. गवतातील असे वीतभर कोंब झुडूप समजून खणून टाकणे म्हणजे कित्येक वर्षांची कमाई गमावणे होय. वणवा व चराई रोखल्यास हाच कोंब नव्या रोपापेक्षा जोमाने उभा राहतो.

जुना खुंट असल्यास पावसाळ्यापूर्वी तो धारदार कुऱ्हाडीने जमिनीलगत, किंचित उतरता छाटावा. साल सुटू देऊ नये. फुटव्यांपैकी खालचा एकच जोमदार ठेवावा. उंच खुंटाच्या माथ्यावरील फुटवा वाऱ्याने निखळतो.

मूळच उरले नसेल तेथे सागजडी लावावी. रोपवाटिकेतील सुमारे वर्षाचे, अंगठ्याएवढे जाड रोप घेऊन खोड दोन-तीन सेंटिमीटर व मूळ १५ ते २० सेंटिमीटर राखतात. चांगला पाऊस होताच पहारीने भोक पाडून ती घट्ट बसवावी. दोन जड्यांत दोन मीटर अंतर असावे. पाणी धरून ठेवणाऱ्या काळ्या जमिनीत मात्र साग लावू नये. आपल्या भागात हे आग्रहाने सांगावे लागते. निचऱ्याची मुरमाड उतरणच त्याला मानवते.

पावसाळ्यात अळीने पाने चाळणीसारखी केली तरी झाड सहसा मरत नाही, म्हणून घाईने तोडू नये. स्वतःच्या शेतातील साग तोडण्यासही १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याप्रमाणे परवानगी लागते. यास्तव राखलेल्या झाडांची नोंद सातबाऱ्यावर वेळीच करून घ्यावी.