मूल कोणाचें ?

परळच्या केईएम रुग्णालयांत ६ ऑगस्ट १९८६ रोजीं एक कन्या जन्मली. देहाबाहेर फलित झालेल्या बीजापासून जन्मलेलें व शास्त्रोक्त नोंद झालेलें हें भारतांतील पहिलें अपत्य होय. डॉ. इंदिरा हिंदुजा व त्यांचे सहकारी यांच्या श्रमांचें तें फळ. वैद्यक असें पुढें गेलें. कायदा मात्र मागाहून आला. या विषयाचे दोन केंद्रीय कायदे २०२१ सालीं होऊन २५ जानेवारी २०२२ पासून अमलांत आले.

परक्या बीजाचें मूल कोणाचें, हा प्रश्न तसा जुनाच. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत पुत्रांचे बारा प्रकार सांगितले असून, बीज श्रेष्ठ कीं क्षेत्र श्रेष्ठ, हा वादही तेथेंच आहे. आजच्या कायद्यानें तिसरें उत्तर दिलें: ज्या दांपत्यानें लेखी संमति देऊन अपत्य इच्छिलें, त्याचेंच तें मूल. औरस संततीचे सर्व हक्क, वारसासुद्धां, त्यास त्या दांपत्याकडूनच मिळतात. बीज देणाराचा मुलावर हक्क राहात नाहीं.

याचें मोल मुंबई हायकोर्टाच्या ऑगस्ट २०२४ मधील एका निकालावरून कळतें. एका स्त्रीस तिच्या धाकट्या बहिणीनें बीज दिलें व दुसऱ्या स्त्रीच्या उदरीं जुळ्या मुली वाढल्या. पुढें नवरा मुलींना घेऊन वेगळा राहूं लागला. धाकटी बहीणही तेथेंच राहूं लागली. बीज बहिणीचें, तेव्हां पत्नीचा मुलींवर हक्क नाहीं, असें त्याचें म्हणणें. न्यायमूर्ति मिलिंद जाधव यांनीं तें मानलें नाहीं. करार २०१८ चा, म्हणजे कायद्यापूर्वींचा. म्हणून भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २००५ च्या मार्गदर्शक सूचनांचा आधार घेऊन, बीज देणारीस मातृत्वाचा हक्क पोंचत नाहीं असें त्यांनीं ठरविलें व पत्नीस मुलींच्या भेटीची मुभा दिली.

'घरचेंच माणूस, कागद कशाला ?' ही आम्हां एकत्र कुटुंबांतील लोकांची जुनी रीत. येथें ती उपयोगी नाहीं. दाता आतां नोंदणीकृत बँकेमार्फतच घ्यावा लागतो. स्त्रीबीज देणारी २३ ते ३५ वर्षांची असावी लागते व आयुष्यांत एकदांच देऊं शकते. उपचार घेणाऱ्या स्त्रीस २१ ते ५० व पुरुषास २१ ते ५५ अशी वयाची मर्यादा आहे. मुलगाच हवा म्हणून निवड करणें हा गुन्हा आहे. दिलेली संमति गर्भ उदरांत ठेवण्यापूर्वीं मागें घेतां येते.

गिरगांव-दादरच्या वडीलधाऱ्या मंडळींस म्हणून आमची एवढीच विनंति: नातवंडाची ओढ आम्हांसही ठाऊक आहे, तथापि सुनेनें सही करण्यापूर्वीं तो कागद तिला मराठींत समजावून सांगावा, विचारास अवधि द्यावा, आणि ती नको म्हणाली तर तेंही मानावें. उद्यां वाद उत्पन्न झाला, तर मुलाचे आईबाप कोण, हें त्याच सहीवरून ठरावयाचें आहे.