शून्य ते पाच अंश

बारावीच्या प्रॅक्टिकलला ॲझो डायची चाचणी आपण परीक्षानळीत करतो. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या रंगकारखान्यात तीच क्रिया माणसाच्या उंचीच्या टाकीत होताना पाहिली.

आधी पाणी आणि हायड्रोक्लोरिक आम्ल, मग ॲनिलिन. बेंझिनपासून नायट्रोबेंझिन आणि त्यावर हायड्रोजनची क्रिया, असं ते तयार होतं. ताजं ॲनिलिन बिनरंगी असतं. इथल्या ड्रममधलं हवा लागून तपकिरी झालं होतं. हातमोज्यांशिवाय त्याच्याजवळ कुणी फिरकत नाही. ते कातडीतूनच रक्तात शिरतं, मग रक्ताला प्राणवायू वाहता येत नाही, ओठ आणि नखं निळसर पडतात.

आम्ल मुद्दाम जास्त घालतात. कमी पडलं, तर उरलेलं ॲनिलिन पुढे नायट्राइटमुळे बनणाऱ्या डायझो क्षाराशीच जुळतं आणि बॅच नासते. मग बर्फाच्या लाद्या फोडून थेट टाकीत. पारा पाचाच्या खाली उतरला की सोडियम नायट्राइटची बारीक धार सुरू होते. इथे घाई चालत नाही. तापमान चढलं की डायझो क्षार फुटतो, नायट्रोजनचे बुडबुडे येतात, मागे फिनॉल उरतं. तो कोरडा पडला तर स्फोटाचा धोका. म्हणून साठवायचा नाही, बनवला की वापरायचा. पीटर ग्रीसने १८५८ मध्ये शोधलेल्या या चंचल संयुगांवर आजच्या रंगउद्योगाचा मोठा भाग उभा आहे.

खरं कसब मला स्टार्च-आयोडाइडच्या कागदाशी दिसलं. कांडीने थेंब टेकवला की कागद निळा.

“लगेच धार बंद करायची नाय साहेब. पाच मिनिटं थांबून परत बघायचं,” ऑपरेटर म्हणाले.

दुसऱ्यांदाही निळा आला तेव्हाच त्यांनी धार तोडली. उरलेलं नायट्राइट मारायला चिमूटभर सल्फॅमिक आम्ल.

शेजारच्या टाकीत कॉस्टिकमध्ये विरघळलेलं बीटा-नॅफ्थॉल होतं. गार डायझो त्यात पडताच नारिंगी-लाल रंग उसळला. मग गाळणकागदावर ठिपका. त्याच्या ओल्या कडेला नॅफ्थॉलचा थेंब लावून रंग उमटला नाही, म्हणजे डायझो संपला. माल फिल्टर प्रेसकडे. हा सुदान-१, मेणासाठी आणि पॉलिशसाठी. मिरचीपुडीत तो मिसळलेला सापडल्यावर २००३ मध्ये युरोपीय संघाने आयात मिरचीची तपासणी सक्तीची केली.