तज्ज्ञांना शाळकरी प्रश्न विचारावा का?

बालमित्रांनो, मोठमोठे शास्त्रज्ञ एकत्र जमून अवघड प्रश्नांवर चर्चा करतात. तिथे एखाद्या शाळकरी मुलाने हात वर केला तर? कुणी म्हणेल, “अरे, ही काय तुझी जागा? आधी आपल्या सरांना विचार!” पण सरांनीच हसून खाली बसवलं, तर त्याने जावं कुठे?

१९६३ सालची गोष्ट. आफ्रिकेतल्या टांगानिका देशात, म्हणजे आजच्या टांझानियात, एरास्टो म्पेम्बा नावाचा मुलगा शिकत होता. त्याच्या शाळेत मुलं आइस्क्रीम करायची. दूध उकळायचं, साखर घालायची, निवू द्यायचं आणि मग फ्रीजमध्ये ठेवायचं. एकदा फ्रीजमधली जागा भरत आली. आता आपल्याला जागा उरणार नाही, या भीतीने एरास्टोने दूध गरमच ठेवून दिलं. त्याच वेळी दुसऱ्या एका मुलाने न उकळलेलं दूध ठेवलं. दीड तासाने पाहतात तो काय! एरास्टोचं दूध गोठलेलं आणि दुसऱ्याचं अजून पातळच!

असं का, म्हणून त्याने शिक्षकांना विचारलं. “तुझा काहीतरी गोंधळ झाला असेल,” असं उत्तर मिळालं. पुढच्या शाळेत तर त्याची चेष्टाच झाली. पण गडी गप्प बसला नाही. प्रयोगशाळेत दोन चंचुपात्रं घेऊन, एकात गरम आणि एकात नळाचं पाणी भरून, त्याने स्वतः पुन्हा पाहिलं.

मग एके दिवशी दार-एस-सलामहून भौतिकशास्त्राचे प्राध्यापक डॉ. डेनिस ऑस्बॉर्न शाळेत व्याख्यानाला आले. एरास्टोने उभं राहून विचारलं, की दोन सारख्या भांड्यांत सारखंच पाणी घेतलं, एक ३५ अंश सेल्सिअसचं आणि दुसरं १०० अंशांचं, तर १०० अंशांचं आधी गोठतं, ते का? मुलं हसली. ऑस्बॉर्न हसले नाहीत. मुलाचं चुकत असावं असं त्यांनाही वाटलं. पण परत गेल्यावर त्यांनी प्रयोग करायला लावला, आणि खरोखरच तसं घडलं! १९६९ मध्ये दोघांनी मिळून त्यावर लेख लिहिला. आज याला ‘म्पेम्बा परिणाम’ म्हणतात. गंमत म्हणजे, हे खरंच घडतं का आणि का घडतं, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. म्हणजे शाळकरी प्रश्नाने मोठ्यांनाही कामाला लावलं की नाही?

पण दुसरी बाजूही ऐका हं. तज्ज्ञ मोजके आणि शिकणारे हजारो. पुस्तकात सापडणारं उत्तरही जो तो त्यांनाच विचारू लागला, तर ते त्यांचं काम कधी करणार? ही अडचण खरी आहे. म्हणून दार बंद करायचं का? नाही. शिकणाऱ्यांसाठी वेगळं दार ठेवायचं.

आपल्या डॉ. जयंत नारळीकरांनी तेच केलं. मुलं स्वाक्षरी मागायला आली, की ते सांगत, पोस्टकार्डावर विज्ञानाचा प्रश्न लिहून पाठवा. उत्तर पाठवीन आणि त्याखाली सही असेलच! पोस्टकार्डावर जागा थोडी, त्यामुळे प्रश्न नेमका लिहावा लागे आणि उत्तर सवडीने देता येई. पुण्याच्या ‘आयुका’ या त्यांच्या संस्थेत शाळकरी मुलांसाठी दुसऱ्या शनिवारची व्याख्यानंही सुरू झाली. २०२५ मध्ये नारळीकर गेले; पण त्यांची ही रीत इतर तज्ज्ञांनी उचलावी अशीच आहे.

आता मुलांनो, तुमचीही एक जबाबदारी आहे बरं का! एरास्टोचा प्रश्न पुन्हा वाचा. भांडी कशी, पाणी किती, तापमान काय, घडलं काय, सगळं त्यात आहे. कारण त्याने आधी स्वतः करून पाहिलं होतं. तुम्हीही आधी पुस्तक उघडा, करून पाहा, वहीत नोंद ठेवा. तरीही अडलं, तर खुशाल विचारा.

आणि पालकहो, उत्तर येत नसेल तर “काहीतरीच काय विचारतोस!” म्हणू नका. “मला माहीत नाही, चल, कुणाला तरी विचारू,” एवढं म्हटलं तरी पुष्कळ झालं. मूल एकदा प्रश्न गिळायला शिकलं, की त्याला पुन्हा बोलतं करणं फार कठीण जातं.