सरासरी कोणाची?

गणिताचा कोड एका संगणकभाषेतून दुसरीत नेणाऱ्यांवर लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मला यात लिहिण्याजोगं फार काही दिसलं नव्हतं. चिन्हं बदलायची, फंक्शनची नावं बदलायची, झालं. हा समज मोडायला विंचूरच्या कांद्याचे भाव पुरेसे आहेत. पण आधी ज्या संस्थेमुळे आपल्याकडच्या विद्यार्थ्यांनी हे काम अंगावर घेतलं, तिच्याविषयी.

मुंबईच्या आयआयटीत ‘फॉसी’ नावाचा प्रकल्प आहे. माहिती-तंत्रज्ञानातून शिक्षण देण्याच्या केंद्र सरकारच्या राष्ट्रीय अभियानाचा तो भाग. रासायनिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांचं नाव त्याच्याशी कायमचं जोडलेलं आहे. इंजिनिअरिंगच्या प्रयोगशाळांत मॅटलॅब हे गणिताचं सॉफ्टवेअर चालतं, त्याचा परवाना विकत घ्यावा लागतो. सायलॅब तशाच कामाचं, पण फ्रान्समध्ये तयार झालेलं आणि फुकट. म्हणून फॉसीने दोन कामं काढली. ‘लॅब मायग्रेशन’मध्ये कॉलेजच्या प्रात्यक्षिकांचे मॅटलॅबमधले कोड सायलॅबमध्ये उतरवून घेतात. ‘टेक्स्टबुक कम्पॅनियन’मध्ये एखाद्या पाठ्यपुस्तकातली सोडवलेली उदाहरणं सायलॅबमध्ये लिहायची आणि पुस्तकातल्या उत्तराशी ताडून बघायची. काम विद्यार्थी आणि शिक्षक करतात, मग ते तपासलं जातं, त्यानंतर मानधन आणि प्रमाणपत्र. अशी शेकडो पुस्तकं झाली आहेत. त्या कोडमध्ये अधूनमधून एक शेरा भेटतो, पुस्तकात छापलेलं उत्तर चुकलं आहे असा. विसाव्या वर्षी नामांकित लेखकाच्या पुस्तकाला असा शेरा मारता येणं, मला वाटतं, प्रमाणपत्रापेक्षा मोठी कमाई आहे.

मॅटलॅब स्वतःच अशा उतरवाउतरवीतून आलेलं आहे. विल्किन्सन आणि राइन्श यांनी संकलित केलेल्या, अल्गॉल भाषेतल्या मॅट्रिक्स-गणिताच्या रीती अमेरिकेत फोर्ट्रान भाषेत आणल्या गेल्या, त्यातून ‘आइसपॅक’ हे भांडार झालं. विद्यार्थ्यांना फोर्ट्रान न लिहिता ते वापरता यावं म्हणून क्लीव्ह मोलर यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस मॅटलॅब रचलं. १९८४ मध्ये त्याची कंपनी निघाली, तेव्हा ते सी भाषेत नव्याने लिहिलेलं होतं. आज मॅटलॅब आणि सायलॅब दोघांच्याही पोटात मॅट्रिक्सचं अवघड गणित ‘लापॅक’ हे एकच भांडार करतं. म्हणजे खोलातलं गणित सारखंच आहे. घोळ होतो तो वरच्या, सोप्या वाटणाऱ्या थरात.

लासलगाव बाजार समितीचे विंचूर आणि निफाड इथे उपबाजार आहेत आणि तिन्ही ठिकाणचा कांद्याचा सर्वसाधारण भाव जाहीर होतो. समजा, तीन दिवसांचे क्विंटलचे भाव असे आहेत: लासलगाव १५००, १६००, १७००, विंचूर १४००, १५००, १६००, निफाड १३००, १४००, १५००. आडव्या ओळीत दिवस, उभ्या रकान्यात बाजार. मॅटलॅबमध्ये या मॅट्रिक्सला ‘मीन’ लावलं की प्रत्येक रकान्याची सरासरी येते: १६००, १५००, १४००. सायलॅबमध्ये त्याच नावाचं फंक्शन सगळ्या नऊ आकड्यांची मिळून एकच सरासरी देतं, १५००. बेरजेचं आणि कमाल संख्येचंही तसंच. रकान्यांचं उत्तर हवं असेल तर सायलॅबला तसं वेगळं सांगावं लागतं.

यात एरर कुठेच येत नाही. मी या प्रकरणात अडकलो तो इथे. टिपेसाठी मॅटलॅबमध्ये टक्क्याची खूण लागते, सायलॅबमध्ये दोन तिरक्या रेघा. ते चुकलं तर संगणक बहुधा तिथेच अडवतो आणि पाच मिनिटांत काम होतं. ‘मीन’ मात्र निमूट चालतं. आता विंचूरच्या एखाद्या मुलाने आपल्या गावचा भाव तेवढा पाहिला तर त्याला १५०० हवे होते आणि १५०० च आले. कोड बरोबर ठरला! लासलगावच्या भावात शंभर रुपये खाली गेले ते त्याच्या ध्यानातही येणार नाही.

याहून बेरकी प्रकार पुढे आहे. चाचणीसाठी एकाच दिवसाचे तीन भाव घेतले, तर ओळ एकच असते. अशा वेळी मॅटलॅब आपला नियम सोडून आडव्या ओळीची सरासरी काढतं आणि दोन्हीकडे एकच उत्तर येतं. आळसाने छोटी चाचणी घेणाऱ्याला हे दोघे मिळून फसवतात.

‘आय’ या फंक्शनची खोड वेगळी. मॅटलॅबमध्ये त्याला ३ दिले की तीन बाय तीनचं एकक मॅट्रिक्स मिळतं, म्हणजे कर्णावर १ आणि बाकी सगळीकडे ०. सायलॅब त्या ३ कडे आकार म्हणून पाहत नाही. त्याच्या लेखी ते एक बाय एकचं मॅट्रिक्स, म्हणून तेवढ्याच आकाराचं एकक, म्हणजे नुसता १ देतं. मग फक्त कर्णावरच्या संख्यांतून काही वजा करायचं असेल तर ते सगळ्याच नऊ संख्यांतून वजा होतं. इथेही एरर नाही.

अडचणी इथे संपत नाहीत. मॅटलॅबसोबतच्या सिम्युलिंकमध्ये काढलेली आकृती सायलॅबच्या एक्सकॉसमध्ये नेणं म्हणजे ती पुन्हा काढणं. मॅटलॅबच्या कित्येक टूलबॉक्सना सायलॅबमध्ये जोडीदार नाही. खुद्द सायलॅबही बदलतं. २०१७ मध्ये सहावी आवृत्ती आली आणि पाचव्या आवृत्तीसाठी लिहिलेलं काही काम तिच्यात अडू लागलं. शिवाय आता ओढा पायथन भाषेकडे आहे. तिथे मोजणी शून्यापासून, म्हणून रकान्यांचे क्रमांक एकाने सरकतात. आणखी एक सापळा प्रमाण विचलनाचा. १२००, १४००, १६००, १८०० या चार भावांचं प्रमाण विचलन मॅटलॅब सुमारे २५८ सांगतं आणि पायथनचं नमपाय सुमारे २२४. पहिलं तीनने भागतं, दुसरं चारने. सांगितल्यास दोन्ही दोन्ही पद्धतींनी भागतील, पण न सांगता काय करायचं ते प्रत्येकाने आपापलं ठरवलं आहे. दोन्ही उत्तरं आपापल्या जागी बरोबर असल्यामुळे चूक कोणाची हेही म्हणता येत नाही.

मला काळजी आहे ती तपासणाऱ्यांची. कोड लिहिणारा मोजला जातो, त्याचं नाव लागतं. उत्तर हाताने काढून ताडून पाहणाऱ्याकडे मात्र सहसा कोणाचं लक्ष जात नाही. परीक्षेतही कोड चालला की गुण मिळतात. विद्यार्थ्याने ‘रन झालं सर’ म्हणायचं आणि शिक्षकाने पुढच्या टेबलाकडे जायचं, हा शिरस्ता मोडल्याशिवाय फुकटचं सॉफ्टवेअर आणून फार काही साधणार नाही.

सायलॅब शिकायला आयआयटीचेच ‘स्पोकन ट्युटोरियल’ मराठीतून फुकट उपलब्ध आहेत. निफाड-येवल्याकडच्या ज्या मुलांना हे काम घ्यायचं आहे त्यांनी जरूर घ्यावं. फक्त चाचणीला एक दिवस किंवा तीन दिवस घेऊ नका. तीन बाजार आणि चार दिवस घ्या, म्हणजे ओळी आणि रकाने सारखे होणार नाहीत, भाव वेडेवाकडे ठेवा आणि कोडसोबत हाताने काढलेलं उत्तर जोडा. शिक्षकांनी आधी तो कागद तपासावा, स्क्रीन नंतर.